दुखत नाही, डॉक्टर!

पाठीचं दुखणं आज ना उद्या जातं, किस्से मात्र मुक्कामाला राहतात. त्यातून आमचा धंदाच असा, की समोरचा माणूस टेबलावर पालथा पडलेला. त्याला आपलं तोंड दिसत नाही, आपल्याला त्याचं दिसत नाही. अशा अवस्थेत माणूस जे बोलतो ते सख्ख्या भावाशीही बोलत नाही! कॉलेजातल्या पोरांनी मला प्रेमप्रकरणांपासून चोरून पाहिलेल्या सिनेमांपर्यंत सगळं सांगितलंय. एकच गोष्ट कोणी कबूल करायचं नाही. "पाठ दुखते का रे?" असं विचारलं की सगळे एका सुरात, "नाही!"

साठ सालच्या आसपासचा काळ. आमच्या यांना बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि मी मुंबईला फिजिओथेरपी शिकलेली, म्हणून एका हॉस्पिटलात चिकटले. फिजिओथेरपी म्हणजे काय, हे तेव्हा निम्म्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या शेजारच्या कन्नड मामी मला बरेच दिवस मालिशवाली समजत होत्या. दोनदा तर बाळंतिणीला तेल लावायला बोलवायला आल्या!

आमचे डॉक्टर निपाणीकर हाडांचे डॉक्टर. विलायतेला जाऊन आलेले, पण जीभ निपाणीची ती निपाणीचीच. त्यांनी हट्टाने दर गुरुवारी दुपारी एक वेगळी ओपीडी सुरू केली, फक्त खेळणाऱ्या मुलांच्या पाठीसाठी. बाकीचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, पोरांना कसली आलीय पाठदुखी? खेळू नका म्हणावं, संपलं!

यावर निपाणीकर भडकायचे. "थांब म्हणायला डॉक्टर कशाला पाहिजे ओ? ते आईबाप फुकट सांगतात की!"

*

पहिल्याच महिन्यातली गंमत. मल्लेश्वरमहून एक कॉलेजकुमार आला. फास्ट बोलर, ताडमाड उंच, आणि बरोबर आई. डॉक्टर प्रश्न विचारत होते मुलाला, उत्तरं देत होती आई.

"कुठं दुखतं?"

"कमरेत. डावीकडे."

"कधी दुखतं?"

"सकाळी उठताना. वाकून केर काढताना. आणि घागर उचलताना तर विचारूच नका!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुलाकडे बघितलं. "काय रे, घागर तू उचलतोस?"

मुलगा आईकडे बघायला लागला. आई भिंतीकडे.

"अक्का," डॉक्टर म्हणाले, "आधी तुम्ही या टेबलावर."

मुलाची पाठ दोन महिन्यांत ताळ्यावर आली. आईंनी मात्र कित्येक वर्षं अंगावर काढलेलं होतं, त्या बरेच दिवस येत राहिल्या. मुलगा त्यांना सायकलवर मागे बसवून आणायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून अभ्यास करायचा. एकदा मी त्याला विचारलं, आता बोलिंग टाकताना दुखतं का? तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो!"

*

रत्ना शिराळकर आली ती भाला घेऊनच. सहा-सात फुटांचा बांबूचा भाला घेऊन सोळा वर्षांची मुलगी ओपीडीत शिरली, तेव्हा बाकावरची माणसं आपोआप दोन्हीकडे सरकली. मागून तिचे वडील, अप्पा शिराळकर. मूळचे सांगलीचे, कारखान्यात फोरमन. बसमध्ये भाल्याचं टोक कंडक्टरच्या पिशवीत अडकलं होतं, त्यामुळे आधीच वैतागलेले होते.

मुलगी गुणी होती. तिच्या वयाची पोरगी एवढा लांब भाला फेकताना कोणी पाहिली नव्हती. राज्याच्या टीमसाठी पुढच्या वर्षी निवड चाचणी होती आणि ती तिच्या डोक्यात बसली होती. पण आठ महिने कंबर दुखत होती. तेल झालं, शेक झाला, पट्टे लावून झाले. दुखणं हटेना.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मणक्याच्या मागच्या बाजूला केसाएवढी बारीक भेग होती. अप्पांचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी टेबलावरची एक तार घेतली आणि त्यांच्यासमोर इकडून तिकडे, इकडून तिकडे वाकवली. "अशी सारखी वाकवली की तुटते बघा. भाला फेकताना ही रोज मागं वाकते. आता तार वाकवायची बंद. भेग सांधली तर बरंच, नाही सांधली तरी भोवतालचे स्नायू असे घट्ट करू, की ती गप बसंल."

अप्पा म्हणाले, "डॉक्टर, मी स्पष्ट बोलतो. एक वर्ष मी देतो. निवड चाचणी येईपर्यंत हिचं दुखणं गेलं तर ठीक. नाही गेलं, तर भाला माळ्यावर आणि आम्ही स्थळं बघायला मोकळे. मोडक्या पाठीची मुलगी मला घरात बसवून ठेवायची नाही."

 डॉक्टर रत्नाला समजावत होते, तीन महिने प्लॅस्टरचं जॅकेट, भाल्याला हात लावायचा नाही, स्वप्नातसुद्धा नाही. तिने सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग विचारलं, "डावा हात?"

*

पाठीच्या पेशंटला कडक बिछाना लागतो. आता गादीखाली फळी घाला म्हणणं सोपं, पण तेव्हा प्रत्येकाच्या घरी एवढी मोठी फळी कुठून येणार? होसकोट्याहून एक हॉकीवाला पोरगा यायचा, एकत्र कुटुंबातला. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याच्या वडिलांनी मान डोलावली. "सरी डॉक्टर, करतो व्यवस्था." पुढच्या खेपेला पोराची पाठ खूपच सुधारलेली. डॉक्टर खूष.

वडील मात्र चुळबुळत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, फळी कधी काढायची?"

"घाई काय? राहू द्या की चार महिने."

"चार महिने नाही जमणार ओ. न्हाणीघराचं दार आहे ते!"

घरात तेवढं एकच दार मापाचं निघालं होतं! महिनाभर सगळं कुटुंब पडदा लावून आंघोळ करत होतं. आत माणूस आहे हे बाहेर कळावं म्हणून आजोबांनी नियम केला होता, आंघोळ करताना मोठ्याने स्तोत्र म्हणायचं. ज्याला स्तोत्र येत नाही त्याने पाढे. धाकट्या काकांना दोन्ही येत नव्हतं, ते आत बसून नुसतेच "मी आहे! मी आहे!" असं ओरडायचे.

"मग आत्ताच काय अडलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"रविवारी याच्या बहिणीला बघायला पाहुणे येणारेत. मुक्कामाला!"

*

पैलवानांचं प्रकरण वेगळंच. चिकपेटेजवळच्या एका तालमीतला हणमंता, जुन्या बंगलोरी मराठा घरातला. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली ही माणसं, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यालाही प्लॅस्टर जॅकेट घातलं. तीन महिने कुस्ती बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. हणमंताने देवाची शपथ घेतली.

पंधरा दिवसांनी आला तो पुढून प्लॅस्टरला मोठी भेग घेऊन.

"हे काय रे?"

"शिंक आली अक्का. स्वल्प जोरात आली."

"आणि आत ही तांबडी माती?"

"वारं केवढं सुटलंय बघा की, अक्का!"

 दोनच दिवसांनी त्याच तालमीतला दुसरा पैलवान आला, उजव्या हाताची दोन बोटं सुजून टम्म झालेली. डॉक्टरांनी विचारलं कशाने झालं. म्हणाला, कुस्तीत.

"कुणाबरोबर?"

तो जरा घुटमळला. मग खरं ते सांगितलं. "प्लॅस्टरबरोबर!"

डॉक्टरांनी तडक तालीम गाठली. उस्तादांना म्हणाले, हे पोरगं तुमचं आहे की माझं, आज ठरवा. उस्ताद मोठे कडक, पण डॉक्टरांचा आवाज त्यांच्याहून मोठा निघाला. त्या दिवसापासून हणमंता तालमीत रोज यायचा, पण लांब बसून दुसऱ्यांना डाव सांगायचा. पुढे तो बरा झाला आणि खेळलाही. आमच्याकडे नव्या पोराला प्लॅस्टर घातलं की मी हणमंताची हकिगत सांगायचे आणि बजावायचे, शिंक हळू दे.

*

प्लॅस्टर जॅकेटमध्ये माणूस सगळं करू शकतो, फक्त वाकू शकत नाही. ही अडचण रत्नाच्या घरी नको त्या वेळी उभी राहिली.

सांगलीची आत्या आली, ती एक स्थळ सोबतच घेऊन. मुलगा, त्याची आई, त्याची आजी, सगळे बंगलोर बघायला म्हणून आलेले. आत्या म्हणाली, नुसतं चहाला येतायत, कार्यक्रम वगैरे काही नाही. अप्पांना राग आला, कारण वर्ष अजून संपलं नव्हतं आणि माणूस शब्दाचा पक्का. पण घरी आलेल्यांना जा कसं म्हणणार?

रत्नाने पातळ नेसलं. वरून प्लॅस्टर दिसत नव्हतं. चहा झाला, पोहे झाले. मग आत्या म्हणाली, "रत्ना, आजींना नमस्कार कर."

आमची रत्ना आजींसमोर जाऊन खांबासारखी उभी. आत्या डोळे वटारतेय. मुलाची आई नवऱ्या मुलाकडे बघतेय. रत्नाची आई घाबरून स्वयंपाकघरात पळाली. आणि रत्नाने अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, तुम्ही जरा या टेबलावर उभ्या राहता का? म्हणजे माझा हात पोचेल."

हे मला तिनेच पालथं पडून सांगितलं. मी हसून हसून बेजार. पण ती हसत नव्हती. म्हणाली, "अक्का, आजी खरंच उठून उभ्या राहायला लागल्या होत्या हो. चांगल्या होत्या बिचाऱ्या. मला फार लाज वाटली. पण मी खोटं काय सांगणार?"

स्थळ अर्थातच परत सांगलीला गेलं. जाताना आजींनी मात्र रत्नाच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला प्लॅस्टर लागलं. त्यांनी एकदा बोटाने वाजवून पाहिलं आणि आत्याला म्हणाल्या, "पोरगी मजबूत आहे गं!"

*

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाने, हलकी लाथ मारली की ती जाते, असं आपल्याकडे मानतात. कानडी मुलखातही मानतात. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं अशा लाथा खाऊनच यायची. डॉक्टरांना त्याचा भयंकर संताप. भिंतीवर पाटी लावायची त्यांनी तयारी केली होती, इथे येण्यापूर्वी लाथ खाऊ नये म्हणून.

आणि नेमकी त्याच आठवड्यात निपाणीहून त्यांची आई आली! लेकाला गरम जेवण मिळावं म्हणून डबा घेऊन हॉस्पिटलात आली, आणि डॉक्टर मोकळे होईपर्यंत बाकावर पेशंटांमध्ये गप्पा मारत बसली. बोलता बोलता म्हणाली, "माझा काशीनाथ पायाळू हो. त्याच्या बाबांची उसण लहानपणी यानंच घालवली."

पुढच्या गुरुवारी ही गर्दी! गोळी नको, व्यायाम नको, शेक नको. "डॉक्टर, तुमची एक लाथ तेवढी द्या!" बसवनगुडीचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, नातू व्हॉलीबॉल खेळणारा. ते तर हटूनच बसले. विलायतेला जाऊन आलेल्या पायाळूची लाथ म्हणजे काय साधी गोष्ट?

डॉक्टर लालबुंद झाले. मला वाटलं, आता सगळ्यांना हाकलून देतात. ते आत गेले, पाणी प्याले, बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "देतो. सगळ्यांना देतो. पण माझी लाथ कडक आहे. सहा आठवडे पोटाचे आणि कमरेचे व्यायाम करून अंग तयार केलं नाही, तर उलटते. ही अक्का व्यायाम शिकवंल. एक दिवस जरी चुकला तर पहिल्यापासून सुरू."

इतके नेमाने व्यायाम करणारे पेशंट मी आयुष्यात परत पाहिले नाहीत! आजोबा नातवासमोर काठी घेऊन बसायचे म्हणे. सहा आठवड्यांनी बहुतेकांचं दुखणं निम्म्यावर आलं, नातवाचं तर साफ गेलं. आजोबा नारळ घेऊन आले. डॉक्टरांच्या पायांकडे भक्तीने बघत राहिले.

"काय पाय आहेत!" म्हणाले. "नुसतं मारतो म्हटल्यावर उसण पळाली!"

*

रत्नाचं प्लॅस्टर निघालं आणि व्यायाम सुरू झाले. ही मुलगी जिद्दीची किती, तर आई भाकऱ्या थापत असताना ती स्वयंपाकघरात जमिनीवर पाठ टेकवून पाय उचलायची. पोट आत ओढून दहापर्यंत मोजायचं असायचं. आईची भाकरी भाजून होईपर्यंत रत्ना धरून ठेवायची.

पण एक अडचण होती. दर गुरुवारी डॉक्टर तिच्या कमरेवर ठरलेल्या जागी अंगठा दाबायचे आणि विचारायचे, "दुखतं?"

"नाही!"

तोंडाने नाही म्हणायची, आणि पायांची बोटं आखडायची. मी बघायचे, डॉक्टरही बघायचे. एक दिवस ते तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले.

"हे बघ पोरी. चाचणीला उतरायला माझी सही लागते. ज्या दिवशी तू खरं सांगशील की दुखतंय, त्या दिवशी मी सही करीन. तोवर नाही."

"दुखतंय म्हटल्यावर सही? आणि दुखत नाही म्हटल्यावर नाही?"

"होय."

"डॉक्टर, हे उलटं आहे!"

"असू दे की."

तिची पंचाईत माझ्या लक्षात आली होती. हो म्हणावं तर अप्पांच्या अटीप्रमाणे भाला माळ्यावर. नाही म्हणावं तर डॉक्टरांची सही नाही. मला तिची फार दया यायची. मी एकदा डॉक्टरांशी भांडलेही, पोरीला कशाला असं अडकित्त्यात धरता? ते म्हणाले, "अहो बाई, मैदानावर तिच्या पाठीत काय होतंय हे तिच्याशिवाय कुणाला कळणार? तीच खोटं बोलायला लागली तर मी कुणाच्या भरवशावर सोडू?"

*

आता जिथे इंदिरानगर झालंय त्या बाजूला तेव्हा मोकळं माळरान होतं. तिथे रत्नाचे कोच पूवय्या सराव घ्यायचे. कूर्गचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. धनुष्यासारखी वाक, असं ते प्रत्येक पोराला शिकवत. एक दिवस डॉक्टर मला घेऊन तिथे गेले आणि म्हणाले, ही वाकच घात करते. पूवय्या म्हणाले, वाकल्याशिवाय भाला जात नाही, डॉक्टरांनी हाडं बघावीत. वाद वाढला. शेवटी पूवय्यांनी भाला डॉक्टरांच्या हातात दिला. "तुम्ही टाकून दाखवा!"

बरं, डॉक्टर काय माघार घेणार? कोट काढला, घडी घालून माझ्याकडे दिला. टाय काढायला विसरले. लांबून पळत आले, धनुष्यासारखे वाकले, आणि भाला गेला की! बराच लांब गेला. डॉक्टर मात्र जिथे होते तिथेच, हात वर तसाच.

त्यांना आम्ही टॅक्सीत आडवं घालून आणलं. आमच्याच टेबलावर पालथं घातलं. मी त्यांच्याच पद्धतीने कमरेवर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"नाही!"

दारात रत्ना उभी होती. हसू आवरून तिने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या सहीचं काय करायचं?"

आठवडाभर त्यांनी स्वतःचेच व्यायाम केले. पण या प्रकाराने एक काम झालं. पडल्या पडल्या त्यांनी विचार केला, आपण कुठे चुकलो. पूवय्या त्यांना बघायला आले, बरोबर कॉफीचा थर्मास. दोघांनी टेबलाशेजारी बसून तासभर काथ्याकूट केला. ताकद पायातून आणि खुब्यातून आणायची, कमरेला एकटीला राबवायचं नाही, असं ठरलं. रत्नाला उभ्या जागेवरून पहिल्यापासून भाला फेकायला शिकावं लागलं. फेकी अर्ध्यावर आल्या. ती रडली, चिडली, दुसऱ्या दिवशी परत हजर. हळूहळू अंतर वाढत गेलं.

*

चाचणीच्या आधीचा गुरुवार. अप्पा बरोबर आले होते, वर्ष संपत आलं होतं ना! रत्ना पालथी पडली. डॉक्टरांनी अंगठा दाबला. पायांची बोटं जराशीच आखडली.

"दुखतं?"

  अप्पा समोर उभे होते, हाताची घडी घालून.

"हो," ती म्हणाली. "थोडं. काल मी ठरल्यापेक्षा जास्त फेकी मारल्या म्हणून. परवा नव्हतं दुखत. एरवी महिना महिना नसतं. पण आज आहे."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि सही ठोकली.

अप्पांचा स्फोट झाला. "अहो, दुखतंय म्हणतेय ती! आणि तुम्ही सही काय करता?"

"वर्षभर ही नाही म्हणत होती, तेव्हा मला भीती वाटायची," डॉक्टर म्हणाले. "आज नाही वाटत. चाचणीपर्यंत विश्रांती घ्यायची. त्या दिवशी दुखलं की ती थांबंल."

रत्नाने मान वळवून वर बघितलं. "अप्पा, आपलं जे ठरलंय ते ठरलंय. भाला माळ्यावर टाकायचा तर टाका. पण आता मी खोटं नाही बोलणार."

मी टॉवेलाच्या घड्या घालत होते, त्या उगीचच परत घालायला लागले. अप्पांनी घसा खाकरला. खिडकीतून बाहेर बघितलं. एका शब्दासाठी अडून बसणारा माणूस, काय बोलतो कोण जाणे!

"माळ्यावर सध्या जागा नाहीये," ते म्हणाले. "तुझ्या आईचे डबे आहेत."

*

चाचणीला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरांनी ओपीडीला सुट्टी दिली. प्रत्येकीला तीन फेकी, आणि टीममध्ये दोघींनाच जागा. म्हैसूरची एक दणकट मुलगी पहिल्याच फेकीत सगळ्यांच्या पुढे गेली, तिला कोणी गाठणार नव्हतं. उरली एक जागा.

रत्नाची पहिली फेक साधीच गेली. अप्पांनी बोटं मोडली. दुसऱ्या फेकीला ती धावली, पाय रोवले, आणि भाला असा निघाला की पूवय्या टोपी उडवून कन्नडमध्ये काहीतरी ओरडले! रत्ना दुसऱ्या नंबरावर आली. पण तिच्या मागे एक शिमोग्याची मुलगी होती, अगदी वीतभर कमी. तिची शेवटची फेक अजून बाकी होती.

तिसऱ्या फेकीसाठी रत्नाचं नाव पुकारलं. ती भाला घेऊन धावपट्टीवर उभी राहिली. एकदा हात मागे नेऊन पाहिला. परत नेला. मग भाला खाली घेतला, पंचांपाशी गेली, काहीतरी बोलली, आणि येऊन गवतावर बसली.

अप्पा कठड्याला लोंबकळत ओरडले, "अगं, काय झालं? ऊठ! एक राहिलीय!"

"दुखतंय, अप्पा!"

"किती?"

"आहे थोडं!"

"थोडंच ना? मग टाक की! तिची बाकी आहे अजून! जाईल ना हातचं!"

रत्नाने मान हलवली. आणि तशीच बसून राहिली, मांडी घालून. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण उठली नाही. डॉक्टर कठड्याला घट्ट धरून उभे.  पूवय्यांनी टोपी हातात चुरगाळली होती. त्या पोरीला त्या क्षणी उठावंसं किती वाटलं असेल, हे मी तिच्या तोंडाकडे बघून सांगू शकत होते.

शिमोग्याची मुलगी धावत आली. भाला गेला, खूप वर गेला, आणि खाली आला. पंच पळाले. फीत ताणली. आम्हाला दिसेना. मग पाटीवर आकडा लागला. रत्नापेक्षा चार बोटं कमी!

पूवय्यांनी डॉक्टरांना मिठी मारली, मी रत्नाला. तिला हळूच उठवलं, पोट आत ओढून, कमरेला जपून, तिला शिकवलं होतं तसं. हणमंता कुठून उगवला होता कोण जाणे, तो पेढे वाटत होता. सगळीकडे आरडाओरडा चाललेला. फक्त अप्पा गप्प. पोरगी राज्याच्या टीममध्ये गेली, आणि हा माणूस भाला खांद्यावर टाकून तोंड पाडून चाललाय!  डॉक्टरांनी पुढे केलेला पेढासुद्धा घेतला नाही.

शेवटी फाटकापाशी ते थांबले. डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टर," म्हणाले, "तुम्ही हिला काय शिकवून ठेवलंत हो! एक फेक वाया गेली की पोरीची!"